‘मामा, ते औषध नाही, पेप्टाइड आहे’ : औषध प्रशासनाला एका मेडिकलवाल्याचे खुले पत्र

प्रति,
औषध नियंत्रणाचे काम ज्यांच्याकडे सोपवले आहे ते राज्याचे आणि केंद्राचे सर्व अधिकारी

विषय : ‘फक्त संशोधनासाठी’ असे लेबल लावून खुलेआम विकले जाणारे बीपीसी-१५७ हे इंजेक्शन

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे मेडिकलचे दुकान आहे. यंदा बावीस वर्षे झाली. फॉर्म २० आणि २१ चे परवाने काउंटरमागच्या भिंतीवर काचेत लावलेले आहेत, शेजारी माझे फार्मासिस्टचे सर्टिफिकेट. निरीक्षक तपासणीला येतात तेव्हा आधी फ्रिज उघडून थर्मामीटर बघतात, मग एच-वनचे, म्हणजे झोपेच्या गोळ्यांसारख्या औषधांच्या विक्रीचे, रजिस्टर मागतात, आणि जाता जाता मुदत संपलेला माल कुठे ठेवता ते विचारतात. तो माल एका खोक्यात असतो आणि खोक्यावर मी मार्करने ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहून ठेवले आहे. या कशाबद्दलच माझी तक्रार नाही. झोपेच्या गोळ्या कुणी कुणाच्या चिठ्ठीवर नेल्या याची नोंद तीन वर्षे जपायची म्हणजे जपायची. हे आधी सांगतो, कारण हे पत्र नियमांना वैतागलेल्या दुकानदाराचे नाही. नियम माझ्या काउंटरपाशी येऊन थांबतात आणि दारासमोरून जाणाऱ्या कुरिअरवाल्याला ते लागू नाहीत, असे का, एवढेच मला विचारायचे आहे.

गेल्या दीडेक वर्षात माझ्याकडच्या इन्सुलिनच्या सिरिंजा जरा जास्तच खपू लागल्या. नेणारी पोरे विशी-बाविशीची. कुणाचे कान कुस्तीने मोडलेले, कुणी पोलीस भरतीच्या अकॅडमीतले, पहाटे धावून घामेजलेले. दहा सिरिंजा द्या म्हणायची. मीही द्यायचो. घरी आजी-आजोबांना लागत असतील अशी मी समजूत करून घेतली. खरे तर ती समजूत सोयीची होती. सिरिंज नेतो आणि इन्सुलिन कधीच नेत नाही, याचा अर्थ बावीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कळायला हवा होता. कळला तो माझ्याच बहिणीच्या घरी.

भाचा पैलवान आहे. चैत्रातल्या एका जत्रेच्या मैदानात त्याचा उजवा गुडघा फिरला. हाडाच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितले, आतल्या बाजूची लिगामेंट अर्धवट फाटली आहे, ऑपरेशन नको, पण तीन महिने माती नाही आणि मॅटही नाही, फिजिओथेरपी करायची. सल्ला चोख होता. पण जत्रांचा हंगाम तोंडावर असताना पैलवानाला तीन महिने घरी बसवणे काय असते ते ज्याच्या घरी पैलवान आहे त्यालाच ठाऊक. खुराक चालू, कमाई बंद, आणि बरोबरीची पोरे रोज मैदान मारतायत. वजन मारायला तो ज्या जिममध्ये जायचा, तिथल्या ट्रेनरने त्याला ‘हीलिंग पेप्टाइड’ सुचवले. लिगामेंट तीन आठवड्यांत जुळते म्हणाला. खुराकाच्या पैशातून डबी आली, कुरिअरने, घरपोच.

महिन्याभराने बहिणीचा फोन आला, की याच्या पोटावर गळू झाले आहे आणि अंगात ताप आहे. मी गेलो. बेंबीच्या डाव्या बाजूला चार बोटे लाल, गरम, मध्ये टणक. काही टोचून घेतोस का म्हणून विचारले तर गप्प. शेवटी बहिणीनेच फ्रिज उघडला आणि ताकाच्या भांड्यामागून ती कुपी काढून दिली.

कुपी बोटाएवढी. तळाला पांढरी चकती होती ती विरघळवलेली, वर निळे झाकण. लेबलावर इंग्रजीत बीपीसी-१५७, पाच मिलिग्रॅम, आणि खाली बारीक अक्षरांत ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’. बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, एक्सपायरी नाही. साध्या खोकल्याच्या औषधावर यातले एक जरी नसले तरी माझे दुकान बंद होईल. त्याच डबीत स्पिरिटचे कापूस होते आणि घडी घातलेला एक कागद : दोन मिलि पाणी घालावे, रोज दहा युनिट, बेंबीशेजारी चरबीत टोचावे, चार आठवडे. कुपी म्हणते माणसासाठी नाही, आणि कागद सांगतो बेंबीशेजारी टोचा. उंदराला एवढ्या मोजमापाने कुणी सांगत नाही.

मी रागावलो. तो म्हणाला, “मामा, ते औषध नाही, पेप्टाइड आहे.”

अरे बाबा, पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. इन्सुलिनसुद्धा पेप्टाइडच, एक्कावन्न अमिनो आम्लांचे. ते विकायला मला परवाना लागतो, फ्रिज लागतो, डॉक्टरची चिठ्ठी लागते. तुझे पंधरा अमिनो आम्लांचे आहे म्हणून ते पेढे झाले का? पण पोराचा काय दोष. जे ट्रेनर म्हणतो, जे विकणारा म्हणतो, तेच तो म्हणत होता. आणि महोदय, तुमचे मौनही आजवर तेच म्हणत आले आहे.

पुढचा घोळ मी फार्मासिस्ट म्हणून सांगतो, कारण तो कुणाच्याच लक्षात येत नाही. कागदावरचे ‘दहा युनिट’ हे अमेरिकेतल्या सिरिंजेचे, म्हणजे एका मिलित शंभर युनिट असलेल्या. आपल्याकडे ती नारिंगी टोपीची मिळते. पण आपल्या गावोगावी जास्त खपते ती लाल टोपीची, एका मिलित चाळीस युनिटची, कारण आपल्या बऱ्याच इन्सुलिनच्या बाटल्या चाळीसच्या असतात. पाच मिलिग्रॅम पूड दोन मिलि पाण्यात घातली तर नारिंगी सिरिंजेच्या दहा युनिटांत २५० मायक्रोग्रॅम येते. लाल सिरिंजेच्या दहा युनिटांत ६२५. म्हणजे पोरगे रोज अडीचपट टोचत होते, आणि ती लाल सिरिंज माझ्याच गावातल्या कुठल्या तरी दुकानातली, कदाचित माझ्याच काउंटरवरून गेलेली. पाण्याचे तेच. बाहेरच्या देशांत अशा कुपीत बेन्झिल अल्कोहोल घातलेले पाणी वापरतात, जंतू वाढू नयेत म्हणून. याने इंजेक्शनच्या साध्या स्टराइल पाण्याची अँप्यूल फोडली. ते पाणी एकदा वापरून टाकून द्यायचे असते. ते कुपीत घालून त्याने आठ-आठ दिवस तीच कुपी रबरातून टोचत चालवली. त्यात गळू नाही झाले तरच नवल.

गळू कापावे लागले. पाच दिवस पट्टी, दोन आठवडे अँटिबायोटिक. आता बरा आहे. गुडघाही बरा आहे, पण तीन महिने होऊन गेले आणि फिजिओथेरपी नीट झाली म्हणून. श्रेय कुणाला द्यायचे यावर आमच्या घरात अजून वाद आहे, आणि हाच या कुपीचा सगळा धंदा आहे : जे आपोआप बरे व्हायचे असते ते बरे झाले की नाव हिचे.

आता या पेप्टाइडबद्दल थोडे, कारण मी त्याच्या विरोधात आहे असा समज नको. ‘बॉडी प्रोटेक्शन कंपाउंड’ या नावाची ही साखळी क्रोएशियात, झाग्रेब विद्यापीठाच्या प्रेद्राग सिकिरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुढे आणली. माणसाच्या जठररसातल्या प्रथिनाचा हा तुकडा, असे सांगितले जाते. त्यावरूनच ट्रेनर लोक त्याला ‘नैसर्गिक’ म्हणतात. कुपीतला माल मात्र जठरातून काढलेला नसतो, तो रसायनशाळेत एकेक अमिनो आम्ल जोडून बनवलेला असतो. उंदरांवरचे निकाल खरोखर लक्ष वेधणारे आहेत. टाचेचा कापलेला स्नायुबंध, फाटलेली लिगामेंट, जळालेली कातडी, आतड्यातले व्रण, सगळीकडे जखम लवकर भरल्याचे दिसले. जखमेकडे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, स्नायुबंधातल्या पेशी जोमाने सरकतात, अशी कारणेही मांडली गेली आहेत. मला स्वतःला हे वाचून हुरूप आला होता, खोटे कशाला बोलू.

पण माणसांचे काय? हाडे-सांधे यांच्या दुखापतींसाठी १९९३ ते २०२४ या काळातले अभ्यास एका आढाव्यात चाळून घेतले, तेव्हा निकषांत बसणारे ३६ निघाले. त्यातले ३५ प्राण्यांवरचे आणि प्रयोगशाळेतले. माणसांवरचा एक. तो एकही असा, की एका दवाखान्याने गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या सोळा जणांना मागाहून विचारले, बरे वाटले का. तुलनेला दुसरा गट नाही. मूत्राशयाच्या दुखण्याच्या १२ स्त्रिया, शिरेतून औषध दिलेले दोघे जण, असे आणखी एक-दोन तुरळक प्रयोग आहेत. २०१५ मध्ये ४२ निरोगी माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी नोंदवली गेली. तिचे निकाल आजतागायत प्रसिद्ध झालेले नाहीत. आणि उंदरांवरच्या अभ्यासांतला फार मोठा वाटा झाग्रेबच्याच एका गटाचा आहे. त्यांनी खोटे केले असे मी म्हणत नाही. पण एकाच घरच्या साक्षीवर आपल्याकडे सोयरीकही जुळत नाही.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार त्या लेबलाबद्दल आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापले की वस्तू औषध राहत नाही, हा समज बाजारात इतका घट्ट झाला आहे की विकणारे आता तो लपवतही नाहीत. १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा मी शिकताना पाठ केला होता, आता पुन्हा काढून वाचला. कलम ३ मध्ये औषध कशाला म्हणावे ते सांगितले आहे, आणि तिथे लेबलावर काय छापले आहे याला महत्त्व नाही, वस्तू कशासाठी वापरायला दिली जाते याला आहे. माणसाच्या किंवा जनावराच्या रोगावर, विकारावर वापरण्यासाठी असलेली वस्तू म्हणजे औषध. डबीत मात्रेचा कागद असेल, जाहिरातीत गुडघा आणि खांदा असेल, तर वापर कशासाठी हे सिद्ध करायला आणखी काय हवे? ते औषध ठरले की कलम १८ आलेच : परवान्याशिवाय बनवणे, साठवणे, विकणे बेकायदा. बरे, खरेच संशोधन करायचे असेल तर? त्यालाही २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत रस्ता आहे. परदेशातून चाचणीसाठी नवे औषध आणायचे तर फॉर्म सीटी-१६ मध्ये अर्ज करायचा, सीटी-१७ मध्ये परवाना मिळवायचा. म्हणजे ‘संशोधनासाठी’ म्हटले तरी कागद लागतोच. यांच्याकडे कुठलाच नाही. त्या लेबलाचा उपयोग एकच, उद्या कुणाला काही झाले तर ‘आम्ही लिहिले होते ना’ म्हणायला.

दुसरी तक्रार ‘९९ टक्के शुद्ध’ या आकड्याची. विकणारे सोबत एक सर्टिफिकेट देतात, त्यावर क्यूआर कोड, एचपीएलसी या शुद्धता मोजणाऱ्या चाचणीचा आलेख, एक उंच टोक, आणि खाली ९९.२ की ९९.४. पोरांना वाटते दूध का दूध. तो आकडा फक्त एवढेच सांगतो की त्या नमुन्यातल्या पेप्टाइडसारख्या मालात मुख्य पेप्टाइड किती आहे. कुपी निर्जंतुक आहे का, ते तो सांगत नाही. जंतू मेल्यावर मागे राहणारे एन्डोटॉक्सिन आहे का, ते सांगत नाही, आणि ताप त्यानेही येतो. कुपीत खरेच पाच मिलिग्रॅम आहे की तीन, तेही कित्येकदा त्यात नसते. शिवाय तो आलेख याच कुपीचा, हे कशावरून? कुपीवर बॅच नंबरच नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये हे पेप्टाइड, चिठ्ठीवर औषध बनवून देणाऱ्या तिथल्या फार्मसींसाठी, सुरक्षिततेची शंका असलेल्यांच्या यादीत टाकले तेव्हा हीच कारणे दिली होती : अशुद्धी, शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरण्याची शक्यता, आणि माणसांवरची अपुरी माहिती.

तिसरी. भाच्याचे गळू कापून झाल्यावर मी औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला बसलो. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून देशभर हा कार्यक्रम चालतो, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर माझ्या काउंटरवर चिकटवलेला आहे, आणि डॉक्टरच नव्हे तर कुणीही नोंद करू शकते. चांगली सोय आहे. फॉर्ममध्ये औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, मुदत असे रकाने आहेत. नाव भरले. पुढचे तिन्ही रिकामे. अशा रिकाम्या रकान्यांचे फॉर्म जात नाहीत म्हणून नोंदी नाहीत, आणि नोंदी नाहीत म्हणून ‘दुष्परिणाम आढळलेला नाही’ असे विकणारे छातीठोक सांगतात. मेफेन्टरमिनचे उदाहरण आपल्यासमोर आहे. भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर द्यायचे ते इंजेक्शन, जिममध्ये पोचले, पोलिसांनी पोरांना आणि विकणाऱ्यांना पकडले. तिथे निदान कुपीवर बॅच असते, मालाचा माग कुठल्या गोडाऊनपर्यंत जातो ते काढता येते. इथे कुणाचा माग काढणार?

चौथी खेळाडूंची. आमच्या भागात हे नुसते आरोग्याचे प्रकरण नाही. बीपीसी-१५७ हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत २०२२ पासून नावानिशी आहे, कुठल्याच देशात औषध म्हणून मान्य नसलेल्या द्रव्यांच्या गटात. म्हणजे ते स्पर्धेतही चालत नाही आणि घरी बसलेले असतानाही चालत नाही, गुडघा दुखत होता हे कारण तर नाहीच नाही. त्याच्या जोडीने विकले जाते ते टीबी-५०० हे दुसरे पेप्टाइडदेखील बंदीच्या यादीत आहे. त्याच कुळीतल्या थायमोसिन बीटा-४ पायी ऑस्ट्रेलियातल्या एसेन्डन फुटबॉल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर जानेवारी २०१६ मध्ये बंदी आली. इंजेक्शने २०१२ च्या हंगामातली, देणारे क्लबचे लोक, आणि शिक्षा टोचून घेणाऱ्यांना. आपल्याकडे क्लबच्या जागी जिमचा ट्रेनर आहे, एवढाच फरक. आपला देश उत्तेजक सापडण्यात जगात वरच्या क्रमांकावर आहे, २०२४ मध्ये २६० नमुने दोषी निघाले. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला जे पदक आणले त्याच्या गोष्टी ऐकत आमच्या तालमीतली पोरे मोठी होतात. त्यातल्या एखाद्याचे नाव उद्या दोषींच्या यादीत आले, तर त्याला निदान हे तरी माहीत असावे की तो काय टोचत होता.

मी तालमीत जाऊन वस्तादांना हे सांगितले. साठीचे गृहस्थ, लाल माती हौद्यात कालवत होते, हातही न थांबवता ऐकले. मग म्हणाले, “बंदी हाय म्हणता, मग पोस्टानं घरी कसं येतंय?”

मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर तुम्ही द्यायचे आहे.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात दुःखाची गोष्ट. जखम भरून आणणाऱ्या औषधाची खरी गरज कुणाला आहे? माझ्या दुकानात रोज सकाळी गॉज, बँडेज आणि सलाइन न्यायला येणारे लोक बघा. पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह, पायाला बधिरपणा, उसाच्या पाचटाने किंवा चपलेच्या खिळ्याने झालेली जखम, सहा-सहा महिने न भरणारी. एक बाई नवऱ्याच्या पायाची पट्टी नेते, गेल्या दिवाळीत दोन बोटे गेली, आता पाऊल वाचते की नाही अशी गत आहे. यांच्यासाठी जगात काम झालेले आहे. बेकाप्लर्मिन नावाचे जेल अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेहाच्या पायासाठी मान्य झाले. तेही पेशींना वाढायला सांगणारेच. म्हणून पुढे शंका आली, वाढ नको तिथे झाली तर? २००८ मध्ये त्यावर कॅन्सरचा ठळक इशारा छापायला लावला. नंतरची माहिती गोळा होत राहिली, आणि २०१८ मध्ये तो इशारा काढला. मान्य औषध असल्याचा फायदा हा असतो. कुणीतरी विचारत राहते, मोजत राहते, चुकले तर दुरुस्त करते. आपल्याकडेही हैदराबादेत बनलेले ईजीएफचे, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनाचे, जेल चाचण्या होऊन बाजारात आले. ५३ अमिनो आम्लांची साखळी, तीही जखमेसाठीच. मी ते विकतो, बॅच नंबरसकट. बीपीसी-१५७ देखील नव्या रक्तवाहिन्या फोडते असे म्हणतात, म्हणजे कॅन्सरचा तोच प्रश्न इथेही विचारायला हवा. विचारणार कोण? कुपीवर नाव नसलेला तो माणूस?

तर मागण्या. मी वकील नाही, तेव्हा साध्या शब्दांत लिहितो.

या पेप्टाइडबद्दल, आणि टीबी-५०० वगैरे त्याच्या भावंडांबद्दल, लेखी परिपत्रक काढा. मराठीत काढा. मात्रा, सिरिंज किंवा आजाराचे नाव यांच्यासोबत विकलेली ‘संशोधनासाठी’ची कुपी हे विनापरवाना औषधच समजले जाईल, एवढे एक वाक्य त्यात असले तरी पुष्कळ झाले. ते परिपत्रक प्रत्येक जिमच्या, तालमीच्या आणि भरती अकॅडमीच्या भिंतीवर लागू द्या, आणि खेळात हे चालत नाही हेही त्यातच लिहा.

गिऱ्हाईक बनून ऑनलाइन माल मागवा. माझ्यासारख्या दुकानदाराकडून नमुने घेता तसेच. नमुने ओळख, मात्रा, निर्जंतुकता आणि एन्डोटॉक्सिन या चारही गोष्टींसाठी तपासा, आणि निकाल जाहीर करा, चांगला निघाला तरी जाहीर करा. विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कलम २६ ने कुठल्याही नागरिकाला दिलेला आहे. अशा बेनामी कुपीसाठी तो हक्क कुठल्या प्रयोगशाळेत, किती फी भरून वापरायचा, ते एका पानावर लिहून द्या.

दुष्परिणामाच्या फॉर्ममध्ये ‘उत्पादक अज्ञात, ऑनलाइन खरेदी’ असा रकाना घाला. याला काही खर्च नाही. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ च्या ऑगस्टमध्ये निघाला होता, त्याचे पुढे काय झाले तेही कधीतरी सांगा. आणि मोठ्या शहरांत ‘वेलनेस’च्या पाट्या लावून हीच इंजेक्शने डॉक्टरांच्या हातून देणाऱ्या जागा आहेत, त्यांना वगळू नका. गावच्या ट्रेनरवर धाड सोपी असते.

सिरिंजांवर मात्र बंदी नको. लाल टोपीच्या सिरिंजेवर इथल्या शेकडो मधुमेहींचे आयुष्य चालते, त्यांना चिठ्ठी दाखवायला लावू नका. ते काम आमचे, दुकानदारांचे. मी आता सिरिंज मागणाऱ्या पोराला विचारतो, कशाला हवी. बहुतेक जण लाजून निघून जातात. दोघे-तिघे थांबून बोलले. माझ्या धंदेबंधूंनाही विनंती की विचारा, दोन सिरिंजांचा गल्ला बुडाला तर बुडाला.

आणि आयसीएमआरने हे पेप्टाइड खरोखर तपासून पाहावे. निकाल चांगले आहेत म्हणतात ना, मग नोंदणी करून, संमती घेऊन, मधुमेहाच्या पायाच्या रुग्णांवर रीतसर चाचणी होऊ दे. उपयोगाचे निघाले तर माझ्या फ्रिजमध्ये त्याला पहिली जागा देईन. नाही निघाले तर पोरांचे खुराकाचे पैसे तरी वाचतील.

भाच्याच्या डबीतल्या तीन कुपी उरल्या होत्या, एकही न फोडलेली. त्या मी बहिणीच्या घरून आणल्या आहेत. नियमाप्रमाणे माझ्या दुकानात त्या ठेवता येतात की नाही हे मला माहीत नाही, पण नाल्यात टाकणे मनाला पटले नाही. दुकानाच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात, एका वेगळ्या डब्यात आहेत. डब्यावर मार्करने ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिले आहे, आणि खाली तारीख. तो कागद आणि कुरिअरची पावतीही त्यातच आहे.

नमुना घ्यायला कधी येता ते कळवा. दुकान सकाळी नऊ ते दीड आणि दुपारी चार ते रात्री साडेनऊ उघडे असते. सोमवारी बंद.

आपला,
एक परवानाधारक औषधविक्रेता
जि. सांगली